सीझनआधीची तयारी: बास्केटबॉलच्या मुलामुलींचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या सकाळच्या बॅचला दोन प्रकारचे फोन येतात. पालकांचा प्रश्न असतो, "याला झेपेल का?" खेळाडू विचारतात, "सर, उडी किती वाढेल?" दरवर्षी तेच प्रश्न येत असल्यामुळे उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. इथलं सगळं नाशिकचं हवामान, इथले सिमेंटचे कोर्ट आणि शाळा-कॉलेजात खेळणारी मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. ज्यांना आधीपासून दुखापत आहे त्यांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवूनच सुरुवात करावी.

तयारी कधीपासून धरायची?

पहिल्या स्पर्धेच्या तारखेपासून आठ आठवडे मागे मोजा. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात, म्हणजे शाळा उघडली त्या आठवड्यातच तयारीला लागायला हवं. अडचण मे महिन्याची असते. सुट्टी, मामाचं गाव, लग्नं आणि आमरस यांत महिनाभर बुटांना हात लागलेला नसतो, आणि सोळा जूनला मुलगा थेट फुल-कोर्ट मॅच खेळायला उतरतो. पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्या दुखण्यांपैकी निम्म्याहून जास्त दुखणी मला याच उडीची वाटतात. मेच्या शेवटी आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालणं-पळणं आणि बैठका एवढं केलं तरी फरक पडतो.

हातात चारच आठवडे उरले असतील तर ताकद वाढवायच्या नादी लागू नका. नीट उतरणं, नीट थांबणं आणि कोर्टवरचं पळणं एवढंच पक्कं करा.

मी रोज पहाटे गंगापूर रोडला पाच किलोमीटर पळतो. ते पुरे ना?

पुरे नाही, आणि रोज तर नकोच.

आपल्या जिल्ह्याला लांब पळण्याचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून तर कुठलाही खेळ असो, पोरांना डांबरी रस्त्यावर पिटाळायची पद्धतच पडली. पण त्यांची शर्यत एका लयीत पंचवीस फेऱ्यांची असते आणि आपला खेळ दहा मिनिटांच्या चार तुकड्यांचा. त्यात दर दोन-तीन सेकंदांना हालचाल बदलते: धाव, थांब, मागे सरक, उडी मार, वळ, परत धाव. सामनाभर खेळणारा खेळाडू सहज चाळीस-पन्नास उड्या मारतो. एका लयीत पळण्याचा सराव केला की शरीर एका लयीतच पळायला शिकतं.

सुसाइड म्हणजे रेषांना शिवत पळायच्या सरावाचं उदाहरण घ्या. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेवरून, जवळच्या फ्री-थ्रो लाइनला शिवून परत, मग मधल्या रेषेला, मग पलीकडच्या फ्री-थ्रो लाइनला, मग पूर्ण २८ मीटर. सगळं मिळून १४० मीटर भरतात. तेवढं अंतर मैदानावर सरळ पळायला सांगितलं तर कोणीच कुरकुरत नाही. पण सुसाइडमध्ये सात वेळा करकचून थांबून उलटं निघावं लागतं आणि मांड्या पेटतात त्या या सात वेळांनी. खेळातही असंच होतं.

म्हणून आम्ही पहिले दोन आठवडे फक्त पाया म्हणून मातीच्या ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने, आठवड्यातून दोनदा पळवतो. गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक त्यासाठी उत्तम. तिसऱ्या आठवड्यापासून १५ सेकंद जोरात, १५ सेकंद चालत, असं सहा मिनिटं करायचं, तीन मिनिटं विश्रांती घ्यायची आणि परत सहा मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून सगळं पळणं कोर्टवर, रेषांना शिवत आणि शक्यतो हातात बॉल घेऊन.

म्हणजे सुसाइड रोज मारायच्या?

आठवड्यातून दोनदा, चार ते सहा, आणि दोहोंमध्ये किमान दीड मिनिट विश्रांती. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. उशिरा आला म्हणून दहा सुसाइड मारायला लावल्या की मुलगा दहाव्या सुसाइडला कसा वळतो ते एकदा नीट बघा: पाठ वाकलेली, गुडघा आत, पाय फरफटत. दमल्यावर जे घोटवून घ्याल तेच सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत बाहेर येणार.

तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात उड्याच मारू देत नाहीत म्हणे. मग शिकवता काय?

उतरायला शिकवतो. हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण बाहेरून बघणाऱ्याला मुलं नुसती बाकावरून खाली पाय टाकताना दिसतात.

उडी वाढवणं हा कळस झाला. त्याआधी वेग जिरवता यायला हवा, कारण गुडघा आणि घोटा बहुधा वर जाताना नाही, तर खाली येताना किंवा थांबताना जातो. आमच्या बॅचला नववीतली एक मुलगी होती. उंच, चपळ, रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल झेलायला, सगळ्यांच्या आधी हवेत. पण खाली आली की सिमेंटवर 'धाप्प' असा आवाज यायचा आणि दोन्ही गुडघे क्षणभर एकमेकांना शिवायचे. तिला ते जाणवतही नव्हतं. मोबाइलवर सावकाश गतीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा म्हणाली, "सर, ही मी नाहीच." पुढचे दोन आठवडे तिने एवढंच केलं: फूटभर उंचीच्या कट्ट्यावरून एक पाय पुढे काढून खाली यायचं, आधी चवडे टेकवायचे मग टाच, कंबर मागे न्यायची, गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचे आणि तीन मोजेपर्यंत पुतळा. पाच वेळा, मग विश्रांती, असे चार सेट. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि आवाज आला की "आला!" म्हणून ओरडायचं. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटलेल्यांना ती कधी उतरली ते कळेना.

त्यानंतरचा क्रम असा. दोन पायांवर उतरणं जमलं की एका पायावर. मग पळत येऊन दोन पावलांत थांबणं, मग थांबून दिशा बदलणं, आणि सगळ्यात शेवटी उतरल्या उतरल्या परत उडी. नवख्या खेळाडूला एका सत्रात ८० ते १०० पेक्षा जास्त वेळा पाय आपटू द्यायचे नाहीत, आणि वॉर्म-अपमधल्या उड्याही त्यात धरायच्या. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून.

मुलींसाठी काही वेगळं करावं लागतं का?

व्यायाम तेच, काळजी जास्त. उड्या आणि वळणांच्या खेळांमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळतं, आणि बऱ्याचदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. वर सांगितलेलं उतरणं, एका पायाच्या बैठका आणि मांडीच्या मागच्या बाजूची ताकद यांचा पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप सीझनभर सोडला नाही, तर हा धोका बराच कमी होतो. सीझनभर हे महत्त्वाचं, कारण सामने सुरू झाले की पहिली कात्री याच पंधरा मिनिटांना लागते.

दुसरी गोष्ट आयांसाठी. पाळी सुरू होऊन स्थिरावलेली असताना सराव वाढल्यावर ती तीन महिने आलीच नाही, तर "खेळाडूंचं असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

तेरा वर्षांच्या मुलाने वजन उचललं तर उंची खुंटते ना?

नाही. हा समज गावोगावच्या व्यायामशाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आलाय, पण देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही हेच सांगतात. इजा होते ती मित्रांत पैज लावून, झेपत नसलेला बार उचलताना. रिबाउंडनंतर एका पायावर उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्याची कोणाला भीती वाटत नाही, आणि पाच किलोच्या डंबेलची वाटते!

आमची सुरुवात छातीशी धरलेल्या पाच किलो तांदळाच्या पिशवीने होते. ती धरून दहा बैठका पाठ सरळ ठेवून, टाच न उचलता झाल्या की पुढचं वजन.

जिम लावायची ऐपत नाही. जोर-बैठकांवर भागेल का?

बरंचसं भागेल. नाशकात तालमी आणि व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे, आणि जोर हा खांदे, छाती, पाठ एकत्र वापरणारा फार चांगला व्यायाम आहे. दोन जागी मात्र तो तोकडा पडतो.

पहिली गोष्ट आकड्यांची. दोनशे बैठका मारणाऱ्याचा दम वाढतो, पण उडीला लागणारी ताकद पंचवीस-तीस बैठकांनंतर फारशी वाढत नाही. तिथून पुढे संख्या वाढवण्याऐवजी भार वाढवायचा. दप्तरात पुस्तकं भरा, पाठीला लावा आणि मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायाच्या बैठका मारा. आठ-आठच्या तीन सेटमध्ये घाम फुटतो.

दुसरी गोष्ट ओढण्याची आणि वाकण्याची. जोर-बैठकांत ढकलणं आहे, ओढणं नाही, म्हणून आडव्या बारला लोंबकळून पुल-अप्स हव्यात. नाही जमलं तर स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली या. मांडीच्या मागच्या बाजूसाठी कमरेतून वाकून वजन उचलायचा व्यायाम हवा. भरलेली घागर उचलताना जाणती बाई कशी कंबर मागे टाकते आणि पाठीची फळी करते, अगदी तसंच. जिममध्ये त्यालाच डेडलिफ्ट म्हणतात.

आठवडा कसा आखायचा?

शाळा-क्लास सांभाळणाऱ्या मुलांसाठी आमचा आठवडा असा असतो. सोमवार आणि गुरुवारी ताकद: एक दोन पायांची बैठक, एक एका पायाची, एक वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा व्यायाम, शेवटी पोटऱ्या आणि पोट. प्रत्येकी तीन सेट, सहा ते दहा वेळा, आणि आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी उतरणं-उड्या, त्यानंतर पळणं. बुधवारी आणि शनिवारी फक्त बॉल. रविवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सोसायटीत तीन तास क्रिकेट नव्हे. चौथ्या आठवड्यात सगळं जवळपास निम्म्यावर आणतो. पोरांना तो आळस वाटतो, पण वाढ त्याच आठवड्यात होते.

प्रत्येकाने एक वही ठेवायची. सराव किती मिनिटं झाला आणि शून्य ते दहात किती कठीण गेला, त्यांचा गुणाकार लिहायचा. नव्वद मिनिटं आणि कठीणपणा सात, म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम दीडपट झाली की मी त्या मुलाला घरी पाठवतो. शाळेचा संघ, क्लब आणि आमची बॅच अशा तिन्हीकडे खेळणाऱ्यांच्या बाबतीत वही नसेल तर कोणालाच पत्ता लागत नाही की पोरगं दिवसाला चार तास पळतंय.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढवता का?

चढवतो, पण आता शहाणपणाने. काही वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात मी पहिल्याच आठवड्यात सलग पाच दिवस अख्खी बॅच त्रिरश्मीवर, म्हणजे या लेण्यांच्या डोंगरावर, नेली होती. वर जाताना मजा आली, वरून शहर बघितलं, फोटो काढले. उतरताना सगळे उड्या मारत पळत उतरले आणि मी हसत बघत राहिलो. सहाव्या दिवशी चौघांच्या नडग्या धरल्या आणि एकाला तीन आठवडे बसावं लागलं. चूक पूर्णपणे माझी.

आता चौथ्या आठवड्यानंतर, आठवड्यातून एकदा. चढताना जोर लावायचा, उतरताना गप्पा मारत चालत यायचं. आणि पर्यटकांच्या गर्दीच्या वेळी नाही. तो डोंगर आपल्या सरावासाठी कोरलेला नाही.

पावसात सराव बंद असतो का?

कोर्ट ओला असेल तर कोर्टवरचा सराव बंद. शेवाळलेल्या सिमेंटवर वळायला लावणं म्हणजे घोटा हातात देणं. रिमझिम असेल तर आम्ही शेडखाली ताकदीचा दिवस पुढे ओढतो. दोर उड्या, भिंतीला पाठ लावून बसणं, जागच्या जागी डिफेन्सचा स्टान्स, म्हणजे बचावाला गुडघे वाकवून उभं राहणं, असं तीन मीटर जागेत तासभर सहज जातो. गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, सुट्टी धरा.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय. सराव थांबवू?

नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवा. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ आल्यासारखं वाटत असेल आणि मुलगा भराभर वाढण्याच्या वयात असेल, तर बहुधा ते वाढीचं दुखणं आहे. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. वाढ थांबली की जातं, तोवर उड्या कमी करायच्या. थोडं मोठं वय असेल आणि दुखणं वाटीच्या लगेच खालच्या दोरात असेल, तर तो जम्पर्स नी. त्याला पूर्ण विश्रांती मानवत नाही. विश्रांतीने बरं वाटतं आणि पहिल्याच सामन्यात परत सुरू होतं. भिंतीला पाठ लावून ४५ सेकंद बसणं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, याने बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि मग हळूहळू भार वाढवायचा.

दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसणं, एवढ्यावर सराव चालू राहू शकतो. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकला तर बॅचला येऊ नका, डॉक्टरकडे जा.

घोटा मुरगळला तर?

चोळू नका. तेल लावून, शेकून, कोणाकडून 'बसवून' घेतलेले घोटे आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कलिंगडाएवढे होऊन येतात. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय वर ठेवा. आधार न घेता चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त होणारी दुखापत हीच, आणि ज्याचा एकदा मुरगळला त्याचा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. दात घासताना दोन मिनिटं एका पायावर उभं राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. आठवडाभराने डोळे मिटून. दुखऱ्या पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली आणि न अडखळता लंगडी घालता आली, की कोर्टवर या. पहिले काही महिने लेस बांधायचा अँकल ब्रेस घाला, त्याने पाय 'कमजोर' होत नाही.

खायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

शाकाहारी असणं अडचण नाही, सकाळी उपाशी येणं आहे. पाच वाजता केळं किंवा दोन खजूर आणि पाणी एवढं तरी पोटात हवं.

प्रथिनं शरीराच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास धरा. ५५ किलोच्या मुलाला साधारण ८० ग्रॅम. दोन ग्लास दुधातून सोळा, शंभर ग्रॅम पनीर किंवा तीन अंड्यांतून अठरा, दोन वाट्या घट्ट वरण-उसळीतून पंधरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर दह्यातून पाच, दिवसभराच्या सहा पोळ्यांतून अठरा. बेरीज भरली. स्वयंपाकघरातून बाहेरही जावं लागलं नाही. नागलीची भाकरी मिळत असेल तर सोडू नका, कॅल्शियमला तिच्या तोडीचं धान्य नाही.

रविवारची मिसळ चालेल. सामन्याच्या सकाळची नाही. तर्री तुमच्याआधी कोर्टवर येते.

प्रोटीन पावडर? क्रिएटिन?

वर सांगितलेलं ताट संपवत असाल तर पावडरची गरज नाही. क्रिएटिन प्रौढांसाठी दिवसाला ३ ते ५ ग्रॅम या प्रमाणात चांगलं अभ्यासलेलं आहे, पण अठरा वर्षांखालच्या मुलांना आम्ही देत नाही. जिममधला दादा सुटा, लेबल नसलेला डबा देत असेल तर हात लावू नका. त्यात काय मिसळलंय ते नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत कळतं आणि तेव्हा शिक्षा दादाला नाही, तुम्हाला होते.

झोपेने खरंच फरक पडतो?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायला सांगितलं होतं. २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांचे फ्री-थ्रो आणि तीन गुणांचे शॉट दोन्ही सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारले, कोर्टवरची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. खेळाडू थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा आकड्यांना डोक्यावर घेऊ नका. पण फुकटात मिळणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही. साडेपाचच्या बॅचला यायचं तर साडेनऊला मोबाइल आईकडे.

बास्केटबॉल खेळून उंची वाढते का?

नाही. उंच मुलं बास्केटबॉलकडे येतात, म्हणून तसं दिसतं.

प्रगती मोजता कशी?

पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात. खडू लावलेल्या बोटांनी भिंतीवर उभ्याने आणि उडी मारून खूण करायची, दोहोंतलं अंतर ती उडी. दुसरी चाचणी कोर्टच्या रुंदीत सतरा वेळा, म्हणजे १५ मीटर गुणिले १७, एकूण २५५ मीटर. कॉलेजच्या मुलांना ६५ सेकंदांचं लक्ष्य देतो. तिसरी चाचणी उतरण्याची, तिला आकडा नाही, व्हिडिओ असतो. आठ आठवड्यांत उडी फूटभर वाढवून देण्याच्या जाहिराती बघितल्या असतील. आमच्याकडे पाच-सात सेंटिमीटर वाढली तरी आम्ही पेढे मागतो.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

घोट्याजवळ घट्ट बसणारे, तळवा न झिजलेले बूट. रस्त्यावर पळायचे वेगळे असतील तर उत्तम. पाण्याची एक लिटरची बाटली, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. नॅपकिन, वही, पेन. जुन्या दुखापतीचे रिपोर्ट असतील तर तेही. बॉल आणू नका, पहिल्या दिवशी तो लागत नाही. आणि पाच किलो तांदूळ घरी विचारून आणा. मागच्या वर्षी एकाने न विचारता बासमतीची पिशवी आणली, ती तिसऱ्या सेटला फुटली आणि त्याच्या आजी आमच्याशी अजून बोलत नाहीत.